रेणूचं चित्र काढायचं कसं: आधी हात मोजा, मग रेघा ओढा

सी२एच६ओ असं कुणी कागदावर लिहून दिलं तर त्यातून एवढंच कळतं की दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, बास. कोण कुणाला धरून बसलंय ते यात कुठेच नाही. आणि खरा घोळ तिथेच आहे, कारण याच नऊ अणूंचे दोन पूर्ण वेगळे पदार्थ होतात. एक इथेनॉल, जे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि दुसरा डायमिथाइल ईथर, जो उणे २४ अंशालाच उकळून मोकळा होतो, म्हणजे साध्या खोलीत तो वायूच असतो. सामान तेच, फक्त जोडणी वेगळी. ही जोडणी दाखवणाऱ्या चित्राला पुस्तकात संरचनासूत्र म्हणतात आणि बरीच मुलं ती चित्रं पाठ करत बसतात, तर ते करू नका, हे काम पाठांतराचं नाहीच, मोजण्याचं आहे. मोजायला जमलं की चित्र आपोआप पडतं.

चित्रात मुळात दोनच गोष्टी असतात. अक्षर म्हणजे अणू आणि रेघ म्हणजे बंध. हे आज इतकं साधं वाटतं की कुणीतरी कधीतरी ते पहिल्यांदा केलं असेल हे डोक्यातही येत नाही. १८५८ मध्ये आर्चिबाल्ड कूपर नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने अणूंमध्ये रेघा घालून दाखवल्या, १८६४ मध्ये अलेक्झांडर क्रम ब्राऊनने अक्षरांभोवती गोल काढून ते रेघांनी जोडले, आणि नंतर ते गोल गळून पडले कारण दर वेळी कोण काढत बसणार. एक सूचना, मी इथे चिन्हं देवनागरीत लिहितेय पण तुम्ही कागदावर नेहमीची रोमन चिन्हंच वापरा.

हातांची भानगड

प्रत्येक अणूला ठरावीक बंध करता येतात. पुस्तकात त्याला संयुजा म्हणतात, बोलताना सगळे हातच म्हणतात, मीही तेच म्हणणार. हायड्रोजनला १ हात, ऑक्सिजनला २, नायट्रोजनला ३, कार्बनला ४. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या मंडळींना एकेकच. सल्फर आणि फॉस्फरस जरा लहरी आहेत, सल्फर २ हातांनी वागतो, कधी ४, कधी ६, फॉस्फरस ३ किंवा ५, पण सुरुवातीला त्यांच्या नादी लागूच नका. एक-दोन-तीन-चार, हायड्रोजन-ऑक्सिजन-नायट्रोजन-कार्बन, एवढं डोक्यात बसलं की सेंद्रिय रसायनातलं बरंचसं चित्रकाम याच चौघांवर चालतं.

नियम असा की कुठलाही हात रिकामा राहता कामा नये आणि कुणालाही जास्तीचा हात मिळत नाही. एक रेघ ओढली की दोन्हीकडचा एकेक हात खर्च झाला. दोन समांतर रेघा म्हणजे दुहेरी बंध, दोन्हीकडचे दोन-दोन हात गेले. तिहेरीत तीन-तीन.

आता पाणी बघा, ऑक्सिजनला दोन हात, प्रत्येक हातात एक हायड्रोजन, एच–ओ–एच, झालं. अमोनियात मधे नायट्रोजन आणि तीन बाजूंना तीन हायड्रोजन. मिथेनमध्ये मधे कार्बन, चारही बाजूंना हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र सगळे थोडे अडखळतात, कारण ओ–सी–ओ असं काढलं की कार्बनचे दोन हात मोकळे आणि दोन्ही ऑक्सिजनचा एकेक मोकळा राहतो. मोकळे हात शेजारी-शेजारी दिसले की ते एकमेकांत घालायचे, म्हणून ओ=सी=ओ. हायड्रोजन सायनाइडमध्ये तसंच, एच–सी–एन काढल्यावर कार्बनचे दोन आणि नायट्रोजनचे दोन उरतात, ते जोडले की एच–सी≡एन.

पेन उचलायच्या आधीचं गणित

ही युक्ती शाळेत फार कमी ठिकाणी सांगतात आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. सूत्रातल्या सगळ्या अणूंचे हात एकत्र मोजा आणि दोनने भागा, कारण एका रेघेला दोन हात लागतात. आलं ते उत्तर म्हणजे चित्रात एकूण किती रेघा येणार. आता दुसरीकडे अणू मोजा आणि त्यातून एक वजा करा, हे अणू एकमेकांना कसेबसे जोडलेले राहायला लागणाऱ्या कमीत कमी रेघा. (पाच अणू एका तुकड्यात ठेवायला चार रेघा लागतात, करून बघा, तीनमध्ये होत नाही.) पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की ज्या जास्तीच्या रेघा उरतात त्या कुठेतरी खपवायच्या असतात, आणि खपवायचे मार्ग दोनच: एकेरी बंधाचा दुहेरी करणं किंवा वलय बंद करणं, म्हणजे साखळीची टोकं एकमेकांना जोडून कडं करणं. तिहेरी बंधात दोन जास्तीच्या रेघा खपतात.

मिथेन: ४ आणि ४ मिळून ८ हात, ४ रेघा. अणू ५, किमान ४ रेघा. जास्तीचं शून्य, म्हणजे ना दुहेरी बंध ना वलय. कार्बन डायऑक्साइड: ८ हात, ४ रेघा, अणू ३, किमान २, जास्तीच्या २, म्हणून दोन दुहेरी बंध. बेंझीन सी६एच६: २४ अधिक ६ म्हणजे ३० हात, १५ रेघा, अणू १२, किमान ११, जास्तीच्या ४. एक वलय आणि तीन दुहेरी बंध, बरोब्बर चार. चित्र न बघता एवढं कळतं, आणि चित्र काढून झाल्यावर तपासायलाही हेच वापरता येतं.

हातांची बेरीज विषम आली तर? सी२एच५ओ घ्या, ८ अधिक ५ अधिक २, पंधरा. एक हात कुणाच्यातरी वाट्याला रिकामा राहणारच, म्हणजे असा साधा, तटस्थ, स्थिर रेणू होणार नाही. सूत्र उतरवताना चुकलंय का ते आधी बघा. क्वचित खरंच तसं असतं, नायट्रिक ऑक्साइड एनओ मध्ये ३ अधिक २ पाच हात आणि त्यात खरोखर एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला आहे, पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटतील तुम्हाला पहिल्या वर्षात.

एक चित्र अगदी सावकाश काढू

सी२एच४ओ२ घेऊ. हात: कार्बनचे ८, हायड्रोजनचे ४, ऑक्सिजनचे ४, एकूण १६, म्हणजे ८ रेघा. अणू ८, किमान ७. जास्तीची एक. म्हणजे एक दुहेरी बंध किंवा एक वलय, यापलीकडे काही नाही.

आता हायड्रोजन पूर्ण बाजूला ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्याला एकच हात, तो कधी मधे येऊ शकत नाही, कायम टोकाला. तो सुरुवातीपासून चित्रात घेतला की गर्दी होते आणि काहीच सुचत नाही. उरलेल्या चौघांचा, म्हणजे दोन कार्बन आणि दोन ऑक्सिजनचा सांगाडा आधी मांडायचा. सुरुवात कार्बनपासून, सी–सी. दोन्ही ऑक्सिजन उजव्या कार्बनला लावा, एकाला दुहेरी रेघ (ती जास्तीची रेघ इथे खपली), दुसऱ्याला एकेरी. आता हात मोजत जा. उजवा कार्बन: एक डावीकडे, दोन दुहेरीत, एक एकेरीत, चार भरले. दुहेरीवाला ऑक्सिजन: दोन भरले. एकेरीवाला ऑक्सिजन: एक भरला, एक मोकळा, तिथे हायड्रोजन. डावा कार्बन: एक भरला, तीन मोकळे, तिथे तीन हायड्रोजन. हायड्रोजन झाले ३ अधिक १ चार. सूत्रातही चार. जमलं, हे ॲसेटिक ॲसिड.

पण इथेच थांबायचं नाही. सांगाडा वेगळा मांडला तर? सी–ओ–सी असा ऑक्सिजन मधे घाला आणि उजव्या कार्बनला दुसरा ऑक्सिजन दुहेरी रेघेने लावा. डाव्या कार्बनला तीन हायड्रोजन, उजव्याला एक, पुन्हा चार. हा मिथाइल फॉर्मेट, उकळतो साधारण ३२ अंशाला, आणि ॲसेटिक ॲसिड ११८ ला, म्हणजे फरक केवढा बघा. तिसरं, दोन कार्बन जोडलेले, एकाला दुहेरी रेघेने ऑक्सिजन आणि दुसऱ्याला ओएच. हा ग्लायकोलाल्डिहाइड. वलयवाले पर्यायही कागदावर निघतात, ते तुम्ही काढून बघा. हात जुळले म्हणजे तो पदार्थ बाटलीत मिळेलच असं नाही, दोन-दोन ऑक्सिजन थेट जोडलेली चित्रं बहुतेक वेळा अस्थिर पदार्थांची असतात (हायड्रोजन पेरॉक्साइड त्यातलाच), पण हात जुळलेच नाहीत तर मात्र चित्र नक्की चुकलेलं आहे.

ठिपके कधी काढायचे

रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, दोन्ही अणूंनी वाटून घेतलेले. ही कल्पना गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये मांडली आणि रेघांना पहिल्यांदा धड अर्थ आला, तोवर जवळपास साठ वर्षं लोक रेघा ओढत होते पण रेघ म्हणजे नेमकं काय ते कुणाला सांगता येत नव्हतं. बंधात न गेलेले बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात. या अणूंना बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करायचे असतात. ऑक्सिजनकडे बाहेरच्या कवचात ६ इलेक्ट्रॉन, आठ व्हायला दोन हवेत म्हणून दोन हात, आणि दोन बंध झाल्यावर चार इलेक्ट्रॉन उरतात, म्हणजे दोन जोड्या. नायट्रोजनकडे ५, तीन हात, एक जोडी उरते. कार्बनकडे ४, चारही बंधात जातात, काही उरत नाही. हातांचे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, ते असे येतात.

रोजच्या चित्रात ठिपके कुणी काढत नाही, पण प्रभार आला की काढावेच लागतात. अमोनियम आयनात (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) नायट्रोजनला चार बंध दिसतात आणि नवशिके म्हणतात, अहो तीनच हात म्हणालात ना. बरोबर, म्हणूनच त्याच्यावर अधिक प्रभार आहे. हिशोब असा: अणूचे बाहेरच्या कवचातले मूळ इलेक्ट्रॉन, वजा त्याच्यावरचे ठिपके, वजा त्याला लागलेल्या रेघा. नायट्रोजन: ५ वजा ० वजा ४, अधिक एक. हायड्रॉक्साइडमधला ऑक्सिजन: ६ वजा ६ वजा १, उणे एक.

कार्बन मोनॉक्साइड हा या बाबतीत भारी नमुना आहे. हात ४ आणि २, एकूण सहा, म्हणजे तीन रेघा, पण ऑक्सिजनला तर दोनच हात. दोन रेघा काढल्या तर कार्बनचे दोन हात उघडे पडतात. प्रत्यक्षात तिथे तिहेरी बंध मानतात, दोन्ही अणूंवर एकेक जोडी ठिपके, मग कार्बन ४ वजा २ वजा ३ म्हणजे उणे एक आणि ऑक्सिजन ६ वजा २ वजा ३ म्हणजे अधिक एक. विचित्र दिसतं, पण दोघांचे आठ-आठ पूर्ण होतात. थोडक्यात, हातांचा नियम मोडलेला दिसला की तिथे प्रभार लिहिलाय का ते बघायचं, आणि तुम्ही काढत असाल तर लिहायला विसरायचं नाही, परीक्षेत मार्क तिथेच जातात.

चित्र वेगळं म्हणजे रेणू वेगळा असं नाही

हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चार कार्बन सरळ ओळीत काढा, मग चार कार्बन काढताना शेवटचा खाली वळवा, मग पहिला आणि शेवटचा दोन्ही वर वळवा. तीन चित्रं, रेणू एकच, ब्युटेन. चित्र फक्त कोण कुणाला जोडलंय एवढंच सांगतं, कागदावर रेघ कुठल्या दिशेला गेली याला इथे काही अर्थ नाही. एकेरी बंध तसाही गरगर फिरत असतो.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक कार्बनशेजारी त्याला किती कार्बन लागलेत तो आकडा लिहा. ब्युटेन कसाही वाकवा, आकडे १, २, २, १ असेच येतात. पण एक कार्बन मधे घेऊन त्याला तीन कार्बन लावले तर आकडे ३, १, १, १. हे आयसोब्युटेन, खरोखर वेगळा पदार्थ. आकडे वेगळे आले तर रेणू नक्की वेगळे. आकडे सारखे आले तर मात्र लगेच निकाल देऊ नका, मोठ्या रेणूत आकडे जुळूनही जोडणी वेगळी असू शकते, मग कोणता आकडा कोणत्या आकड्याला जोडलाय तेही बघायचं. मुलं बहुतेक वेळा वाकलेल्या साखळीला शाखा समजतात, त्यावर उपाय म्हणजे एका टोकाला पेन ठेवायचं आणि पेन न उचलता जास्तीत जास्त लांब जायचं, कोपऱ्यावरून वळावं लागलं तरी चालेल, ती झाली मुख्य साखळी. वाटेत जे सुटलं ती शाखा.

पेंटेनचे, म्हणजे सी५एच१२ चे, असे तीन प्रकार निघतात. तिन्ही काढून बघाच: सरळ साखळी ३६ अंशाला उकळते, एक शाखावाली २८ च्या आसपास आणि मधे एक कार्बन व चारही बाजूंना चार कार्बन असलेली साडेनऊला. चौथा सापडला असं वाटत असेल तर तो या तिघांपैकीच कुणीतरी वाकडा काढलेला आहे. पुढे आकडे वाढत जातात, सहा कार्बनला ५, सातला ९, आठला १८, दहाला ७५, आणि वीस कार्बनला ३,६६,३१९. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८७५ मध्ये हे प्रकार मोजायची पद्धत दिली, तेरा कार्बनपर्यंत आकडे काढले, आणि त्यातले शेवटचे दोन, बारा आणि तेराचे, त्याचेही चुकले. तर सातचे नऊ शोधताना तुमचे आठच सापडले तर वाईट वाटून घेऊ नका.

सांगाडा-चित्र: कार्बन लिहायचाच नाही

आता खरी रोजच्या वापरातली पद्धत. पुस्तकात, शोधनिबंधात, औषधाच्या माहितीपत्रकात जी षटकोनी आणि नागमोडी चित्रं दिसतात ती हीच. पहिल्यांदा बघताना वाटतं यात अणू आहेत कुठे, तर अणू आहेत, लिहिलेले नाहीत एवढंच. रेघेचं प्रत्येक मोकळं टोक आणि प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन. कार्बनला लागलेले हायड्रोजन दाखवायचे नाहीत, वाचणाऱ्याने चारातून दिसणाऱ्या रेघा वजा करून ते समजून घ्यायचे. कार्बन सोडून बाकीचे सगळे अणू लिहायचे, आणि त्या अणूंना लागलेले हायड्रोजनही लिहायचे, म्हणजे ओएच, एनएच२ वगैरे.

झिगझॅग का? सरळ रेघ काढली तर मधले कार्बन दिसणारच नाहीत, कोपरा हवा म्हणून. आणि योगायोगाने खऱ्या साखळीतले कोनही थोडे तसेच असतात. कोपऱ्यातला कोन साधारण १२० अंश ठेवा म्हणजे चित्र सुबक दिसतं. तिहेरी बंध मात्र सरळच काढायचा, तिथे कोपरा करायचा नाही, कारण त्या जागी रेणू खरोखर सरळ असतो.

एक सोपं वाचून बघू. एक कोपरा, त्यातून डावीकडे आणि उजवीकडे तिरप्या खाली जाणाऱ्या दोन रेघा, आणि कोपऱ्यातून सरळ वर दुहेरी रेघ, तिच्या टोकाला ओ. कार्बन तीन: दोन टोकं आणि एक कोपरा. टोकांना एकेकच रेघ, म्हणजे प्रत्येकी तीन हायड्रोजन. कोपऱ्याला चार रेघा (दुहेरीच्या दोन धरून), हायड्रोजन शून्य. सी३एच६ओ, ॲसिटोन. दुहेरीच्या जागी एकेरी रेघ आणि टोकाला ओएच केलं की कोपऱ्यावर एक हायड्रोजन वाढतो आणि तो आयसोप्रोपाइल अल्कोहोल होतो.

आता ॲस्पिरिन. षटकोन, आत एकाआड एक तीन दुहेरी रेघा. षटकोनाच्या एका कोपऱ्यातून बाहेर रेघ, तिच्या टोकाच्या कोपऱ्याला =ओ आणि ओएच. त्याच्या लगेच शेजारच्या कोपऱ्यातून दुसरी रेघ, तिच्या टोकाला ओ, त्या ओ पासून पुढे रेघ, कोपरा, त्या कोपऱ्याला =ओ आणि आणखी एक मोकळी रेघ. कार्बन मोजा, षटकोनाचे ६, ॲसिडवाला १, पलीकडचे २, एकूण ९. हायड्रोजन: षटकोनाच्या ज्या चार कोपऱ्यांतून बाहेर काही जात नाही तिथे एकेक म्हणजे ४, ओएचचा १, शेवटच्या मोकळ्या टोकाला ३, एकूण ८. ऑक्सिजन ४. सी९एच८ओ४. आता ताळा: ३६, ८ आणि ८ मिळून ५२ हात, २६ रेघा, अणू २१, किमान २०, जास्तीच्या ६. चित्रात एक वलय, वलयातले तीन दुहेरी आणि दोन सी=ओ, सहा. झकास जुळतं.

इथे नेहमी होणाऱ्या चुका सांगते. एक म्हणजे टोकाचा कार्बन विसरणं, रेघ नुसती हवेत संपली की मुलांना वाटतं तिथे काही नाही, पण तिथे अख्खा सीएच३ बसलेला असतो. दुसरी म्हणजे एका कोपऱ्यातून पाच रेघा काढणं, विशेषतः षटकोनात दुहेरी बंध असताना त्याच कोपऱ्याला बाहेर दोन गट लावले जातात आणि कार्बनला पाच हात होतात. आणि तिसरी जरा बारीक आहे, ओएच डावीकडे लावताना तो एचओ असा उलटा लिहायचा, म्हणजे रेघ ऑक्सिजनला टेकली पाहिजे, हायड्रोजनला नाही. रेघ एचला टेकलेली दिसली की हायड्रोजनला दोन हात झाले.

बेंझीनच्या षटकोनात गोल का काढतात

ऑगस्ट केकुलेने १८६५ मध्ये बेंझीनचं वलय मांडलं. एकाआड एक दुहेरी बंध काढले की हात जुळतात, पण एक अडचण उरते. शेजारच्या दोन कोपऱ्यांना क्लोरीन लावले तर दोन प्रकार व्हायला हवेत, एकात त्या दोन कोपऱ्यांमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. प्रत्यक्षात पदार्थ एकच मिळतो. पुढे बंधांची लांबी मोजता आल्यावर चित्र स्पष्ट झालं, कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, आणि बेंझीनमधले सहाच्या सहा बंध सारखेच, १३९. म्हणजे तिथे एकेरीही नाही आणि दुहेरीही नाही, ते इलेक्ट्रॉन सगळ्या वलयाचे आहेत. म्हणून काही जण आत गोल काढतात. माझं मत विचाराल तर शिकत असताना गोल काढू नका, तीन दुहेरी रेघाच काढा, कारण गोलामुळे हात मोजता येत नाहीत. फक्त दुहेरी रेघा या कोपऱ्यात की त्या कोपऱ्यात यावर भांडत बसू नका, दोन्ही चित्रं एकच.

कागद सपाट, रेणू नाही

मिथेन आपण अधिकच्या चिन्हासारखा काढतो, ९० अंशांचे चार कोन. खरा मिथेन तसा नसतो, चार हायड्रोजन चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या, चार टोकांना असतात आणि कोन १०९.५ अंशांचा. हे १८७४ मध्ये वांट हॉफ आणि ल बेल या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. हे दाखवायला दोन खास रेघा आहेत, निमुळत्या टोकापासून रुंद होत जाणारी भरीव पाचर म्हणजे बंध कागदातून तुमच्याकडे येतोय, आणि तुटक रेघांची पाचर म्हणजे तो मागे जातोय. साधी रेघ कागदाच्या पातळीत.

रोजच्या चित्रात याची गरज नसते. गरज पडते ती एका कार्बनला चार वेगवेगळे गट लागलेले असतात तेव्हा. मग जोडणी तीच असून दोन रेणू होतात, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. कार्व्होन घ्या, त्याच्या एका रूपाला पुदिन्याचा वास येतो आणि दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. साध्या रेघांनी काढलेली दोन्हींची चित्रं तंतोतंत एक, पाचर काढली तरच फरक दिसतो. पाचरेचं निमुळतं टोक त्या कार्बनकडेच हवं, उलटं काढलं तर अर्थ बदलतो किंवा काही अर्थच राहत नाही.

कॉम्प्युटरवर

हाताने थोडी चित्रं काढल्यावरच ॲपकडे वळा, आधी नको. केचर नावाचा मोफत, ओपन सोर्स एडिटर ब्राउझरमध्येच चालतो, रेघ ओढली की टोकाला कार्बन आपोआप धरतो, हायड्रोजन स्वतः भरतो आणि हात जास्त झाले तर दाखवतो. पबकेम या मोफत डेटाबेसमध्येही चित्र काढून शोधायची सोय आहे.

आत कॉम्प्युटर चित्र ठेवत नाही, दोन याद्या ठेवतो. पहिल्या यादीत अणू: १ कार्बन, २ कार्बन, ३ ऑक्सिजन. दुसऱ्यात बंध: १ आणि २ एकेरी, २ आणि ३ एकेरी. झालं इथेनॉल, हायड्रोजन हात मोजून तो भरून घेतो. बंधांची यादी १-३, ३-२ अशी केली की तोच डायमिथाइल ईथर. १९८० च्या दशकात डेव्हिड वाइनिंगरने हे एका ओळीत लिहायची स्माइल्स नावाची पद्धत काढली, त्यात इथेनॉल म्हणजे सीसीओ, ईथर म्हणजे सीओसी, ॲसेटिक ॲसिड म्हणजे सीसी(=ओ)ओ. कंसात शाखा, बरोबरच्या चिन्हाने दुहेरी बंध. सांगाडा-चित्र वाचता येत असेल तर हे तासाभरात जमतं.

एक सावधगिरी, सगळ्याच पदार्थांना हे चित्र लागू होत नाही. मिठात सोडिअम आणि क्लोराइड आयन एकाआड एक रचलेले असतात, तिथे रेघ ओढलेला एनए–सीएल असा सुटा रेणू नसतो, त्यामुळे तिथे रेघ काढूच नका, फक्त प्रभार लिहा. धातूंचंही तसंच. आणि डायबोरेन नावाचा एक रेणू आहे ज्यात हायड्रोजन दोन बोरॉनच्या मधे बसतो, वर मी हायड्रोजन कायम टोकाला म्हणाले त्याला हा अपवाद, पण तो भेटेपर्यंत तुमचा हात चांगलाच बसलेला असेल.

सरावाला कॅफीन घ्या, सी८एच१०एन४ओ२. आधी चित्र बघू नका. ३२, १०, १२ आणि ४ मिळून ५८ हात, २९ रेघा, अणू २४, किमान २३, जास्तीच्या सहा. या सहांपैकी दोन वलयांत गेल्यात, हे मी सांगून टाकते. आता पबकेमवर चित्र उघडा, उरलेल्या चार कुठे आहेत ते शोधा, आणि मग न लिहिलेले दहाही हायड्रोजन पेन्सिलने भरा.